गव्हाणी घुबड: उंदरांच्या हिशेबावर चालणारा संसार

गोठ्यात गुरांपुढे वैरण टाकण्यासाठी जी लांबट जागा बांधलेली असते तिला गव्हाण म्हणतात. वैरणीबरोबर थोडेफार दाणे सांडतात, दाण्यांमागे उंदीर येतात आणि उंदरांच्या चाहुलीने रात्री आढ्यावर एक पांढुरके घुबड येऊन बसते. मराठीने या पक्ष्याला गव्हाणी घुबड म्हटले तेव्हा त्याचे घर आणि त्याचे अन्न या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात सांगून टाकल्या. इंग्रजीतले ‘बार्न आउल’ हे नावही धान्याच्या कोठारावरूनच आलेले आहे. हा पक्षी राहतो कुठे, खातो काय आणि त्याची संख्या किती, हे तीन प्रश्न वरवर निराळे वाटतात. पण पहिल्या दोघांची उत्तरे नीट समजून घेतली की तिसऱ्याचे उत्तर बरेचसे त्यांतूनच निघते.

आधी पक्ष्याची ओळख करून घेऊ. घुबडांची दोन कुळे मानली जातात. पिंगळा, शृंगी घुबड, हुमा घुबड ही आपल्या ओळखीची मंडळी एका कुळात आणि गव्हाणी घुबड व त्याचे गवताळ प्रदेशातले भाऊबंद दुसऱ्या, लहानशा कुळात येतात. स्कोपोली या निसर्गशास्त्रज्ञाने १७६९ मध्ये या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले, त्यानंतर दीर्घकाळ जगभरचे गव्हाणी घुबड एकच जात समजले जात असे. अलीकडे मात्र अनेक तज्ज्ञ युरोप-आफ्रिकेतली, अमेरिकेतली आणि भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंतची अशा तीन जाती वेगळ्या धरतात. अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडावर पोहोचलेले पक्षी फार थोडे आहेत आणि हा त्यांपैकी एक आहे. लांबी साधारण फूट-सव्वा फूट, पाठ सोनेरी-करड्या रंगाची, पोट पांढरे आणि त्यावर बारीक ठिपके, डोळे काळे आणि चेहरा हृदयाच्या आकाराचा, इतक्या खुणा ओळखायला पुरेशा आहेत. हा पक्षी घूत्कार करत नाही. त्याचा आवाज लांबलचक, चिरका आणि खरखरीत असतो, आणि घरट्यातली पिल्ले तर चक्क फुत्कारतात. बंद खोलीच्या पोटमाळ्यावरून रात्रभर फूस-फूस असा आवाज येऊ लागल्यावर घरच्यांनी सर्पमित्राला बोलवावे आणि त्याने टॉर्च मारताच कोपऱ्यात चार-पाच पांढरे चेहरे दिसावेत, हा प्रसंग सर्पमित्रांना नवा नाही.

या घुबडाचे अन्न समजून घ्यायचे तर आधी त्याचे कान समजून घ्यावे लागतात. अंधारात ते डोळ्यांनीच पाहत असणार असा आपला साहजिक समज असतो, आणि त्याचे डोळे खरोखर तीक्ष्णही आहेत. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉजर पेन या अमेरिकी संशोधकाने पूर्ण काळोख केलेल्या खोलीत जमिनीवर पाने पसरून उंदीर सोडला, तेव्हा घुबडाने केवळ पानांच्या सळसळीवरून त्याला अचूक पकडले. हेच पेन पुढे देवमाशांच्या गाण्यांच्या अभ्यासामुळे जगभर ओळखले गेले. त्यांच्यानंतर मासाकाझू कोनिशी आणि एरिक नुडसेन यांनी घुबडाच्या मेंदूत आवाजाच्या दिशांचा एक नकाशाच मांडलेला असतो हे १९७८ मध्ये दाखवून दिले, आणि मेंदू दिशा कशी ओळखतो या प्रश्नासाठी हा पक्षी जगभरच्या प्रयोगशाळांत अभ्यासला जाऊ लागला.

यामागची युक्ती साधी आहे, तिची अचूकता मात्र थक्क करणारी. आवाज उजवीकडून आला तर तो उजव्या कानात आधी आणि डाव्या कानात किंचित नंतर पोहोचतो. हा फरक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांत मोजावा इतका सूक्ष्म असतो, तरी घुबडाचा मेंदू तो पकडतो आणि उंदीर किती उजवीकडे वा डावीकडे आहे हे ठरवतो. एवढ्याने काम भागत नाही, कारण उडणाऱ्या शिकाऱ्याला उंदीर किती खाली आहे हेही कळावे लागते. त्यासाठी त्याचे दोन कान समान उंचीवर नसतात: डाव्या कानाचे छिद्र थोडे वर असून खालच्या बाजूचे आवाज जास्त टिपते, तर उजव्याचे थोडे खाली असून वरच्या बाजूचे. दोन्ही कानांत आवाज किती मोठा ऐकू आला याची तुलना केली की उंची कळते. चेहऱ्याची ती हृदयाकृती तबकडी म्हणजे आवाज गोळा करून कानांकडे वळवणारी परातच आहे. आपण ज्या चेहऱ्याला कधी सुंदर तर कधी भेसूर म्हणतो तो मुळात कानाचाच भाग आहे, ही गोष्ट एकदा कळल्यावर हा पक्षी पूर्वीसारखा दिसत नाही.

असे ऐकणाऱ्या शिकाऱ्याच्या स्वतःच्या पंखांचा आवाज झाला तर सगळे मुसळ केरात जाईल. म्हणून त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला फणीसारखे दाते असतात, मागच्या कडेला झालर असते आणि पिसांवर मखमलीसारखी लव असते. हवा कापली जाताना होणारा आवाज त्यांत विरून जातो. शरीराच्या वजनाच्या मानाने पंख मोठे असल्यामुळे ते जमिनीपासून थोड्याच उंचीवर संथपणे तरंगत जाऊ शकते. मात्र ही मऊ पिसे पाण्याला फारसा विरोध करत नाहीत. मुसळधार पावसात ती भिजतात, शिवाय पावसाच्या आवाजात उंदराची सळसळ बुडून जाते, म्हणून सलग पावसाच्या रात्री घुबडाला उपास घडतो. थंड देशांत लांबलेला बर्फ आणि ओला हिवाळा हेच या पक्ष्याचे मोठे शत्रू आहेत.

आता ते नेमके काय खाते ते पाहू. हे कळण्यासाठी घुबडाच्या मागे रात्रभर फिरण्याची गरज नसते, कारण दुसऱ्या दिवशी ते स्वतःच त्याचा पुरावा टाकून जाते. लहान शिकार ते अख्खी गिळते. मांस पचते, पण हाडे आणि केस पोटात एकत्र दाबले जाऊन त्यांचा गोळा होतो आणि तो तोंडावाटे बाहेर टाकला जातो. पक्षिनिरीक्षक या गोळ्याला पेलेट म्हणतात. बसायच्या जागेखाली किंवा घरट्यात असे काळपट, आधी चकचकीत आणि मग वाळून करडे होणारे गोळे सापडतात. ते कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने सोडवले की कवट्या आणि जबडे जवळपास शाबूत मिळतात. उंदराच्या जबड्यात पुढे वाकडे पटाशीचे दात, मग मोकळी जागा आणि त्यामागे दाढा असतात. चिचुंद्रीच्या जबड्यात अशी मोकळी जागा नसून टोकदार दातांची सलग रांग असते. म्हणजे जबडे मोजले की शिकार किती आणि कोणती हे दोन्ही कळते, आणि तेही पक्ष्याला हात न लावता.

भारतात अशा तपासणीत जे निघते त्यात उंदीरवर्गाचाच वाटा मोठा असतो: शेताच्या बांधात बिळे करून धान्य साठवणारी लहान घूस, मऊ केसांचा शेतातला उंदीर, शेपटीच्या टोकाला काळा झुपका असलेला जर्बिल, अंगठ्याएवढा चिमुकला शेतउंदीर, आणि वस्तीजवळ घरातले उंदीर व चिचुंद्र्या. अधूनमधून एखादा लहान पक्षी, वटवाघूळ, बेडूक किंवा मोठा कीटकही सापडतो. चिचुंद्रीचा उग्र वास मांजरालाही नकोसा होतो, पण या घुबडाला तिचे वावडे नाही. ब्रिटनमध्ये व्होल नावाचा आखूड शेपटीचा गवतातला उंदीर हे मुख्य अन्न आहे. स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासकांनी २०१९ मध्ये आणखी एक मजेशीर गोष्ट प्रसिद्ध केली: पौर्णिमेच्या उजेडात घुबडाचे पांढरे पोट अचानक समोर आले की व्होल पळण्याऐवजी जागच्या जागी थिजतो, आणि घुबड जितके पांढरे तितका तो जास्त वेळ थिजलेला राहतो.

राहण्याच्या जागेविषयी या पक्ष्याच्या अटी दोनच आहेत. एक, शिकारीसाठी मोकळी जमीन, म्हणजे शेते, गवताळ माळ, गावाबाहेरची पडीक रानं. दाट जंगलात त्याचे मन रमत नाही. दोन, अंडी घालायला अंधारी, कोरडी, माणसाचा हात सहसा न पोहोचणारी पोकळी. घरटे म्हणून ते काडीही गोळा करत नाही. जुन्या पेलेटच्या चुऱ्यावरच अंडी घातली जातात. झाडाची ढोली, कड्यातली कपार, विहिरीच्या बांधकामातला कोनाडा, गडावरची पडकी इमारत, देवळाचा कळस, वाड्याचा माळवद, गिरणीचे वा साखर कारखान्याचे गोदाम, पाण्याच्या टाकीचा खालचा भाग, यांतली कोणतीही जागा त्याला चालते. पुण्या-मुंबईत वाडे पडून त्या जागी इमारती उभ्या राहिल्या तेव्हा या घुबडाने डक्टमधली फळी, सज्जाचा आडोसा आणि न वापरलेल्या बाल्कनीतला माळा या जागा धरल्या. ढोली गेली, माळवद गेला, डक्ट आला. शहरातला कचरा आणि गटारे उंदरांना पोसत असल्याने शिकारीची अटही तिथे आपसूक पूर्ण होते. ब्रिटनमध्ये मात्र कोठारे उरूनही घुबडे कमी झाली, कारण तिथे उणीव पडली ती खरबरीत, न कापलेल्या गवताची. व्होल राहतो तो अशा गवताच्या तळाशी साठलेल्या वाळक्या थरात. गवत कापून गालिच्यासारखे केले की तो नाहीसा होतो आणि त्याच्यामागे घुबडही.

इथून संख्येचा प्रश्न सुरू होतो. मादी बहुधा चार ते सात अंडी घालते, पण उंदीर भरपूर असतील तर त्याहून अधिक आणि उंदीर नसतील तर एकही नाही. अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतराने घातली जातात, आणि पहिले अंडे पडताच ती उबवायला बसते, त्यामुळे महिनाभराने पिल्लेही त्याच अंतराने बाहेर येतात. एकाच घरट्यात एक पिल्लू पिसे फुटलेले आणि दुसरे नुकतेच डोळे उघडणारे, असे चित्र दिसते. ही व्यवस्था क्रूर वाटेल, पण तिच्यात हिशेब आहे. अन्न पुरेसे असले तर सगळी वाढतात. कमी पडले तर थोरली जगतात आणि धाकटी मरतात, म्हणजे सगळी अर्धपोटी राहून सगळीच दगावण्याची वेळ येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये अलेक्झांद्र रूलां यांनी अनेक वर्षे केलेल्या अभ्यासात याची दुसरी बाजूही दिसली आहे. आईबाप बाहेर गेलेले असताना पिल्ले आपापसांत आवाज करत राहतात. ज्याला जास्त भूक आहे ते अधिक वेळ ओरडते आणि कमी भुकेले गप्प बसते, म्हणजे पुढच्या उंदरावर कोणाचा हक्क हे तो उंदीर यायच्या आधीच ठरलेले असते. कधीकधी थोरले पिल्लू आपला घास धाकट्याला देतानाही आढळले आहे. भावंडांच्या भांडणाची ही इतकी सभ्य पद्धत आपल्या घरांत क्वचितच दिसते.

अशा पक्ष्याची संख्या स्थिर राहत नाही. ब्रिटनमध्ये व्होलची संख्या तीन-चार वर्षांच्या चक्राने वरखाली होते आणि घुबडाची त्यामागोमाग. २०१३ मध्ये मार्च महिना असाधारण थंड गेला, आणि ते वर्ष तिथल्या गव्हाणी घुबडांच्या प्रजननासाठी नोंदीतले सर्वांत वाईट ठरले; पुढच्याच वर्षी ती पुन्हा सावरली. जी. बी. ब्लेकर यांनी १९३२ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १२,००० जोड्या असल्याचा अंदाज केला होता, तर १९९५ ते १९९७ या काळात पद्धतशीर पाहणीतून संपूर्ण ब्रिटनसाठी सुमारे ४,००० जोड्यांचा आकडा निघाला. दोन्ही गणनांच्या पद्धती वेगळ्या असल्यामुळे एकातून दुसरा वजा करून थेट ‘इतकी घुबडे संपली’ असे म्हणणे बरोबर नाही, पण घट झाली याविषयी वाद नाही. जागतिक पातळीवर या पक्ष्याला तातडीचा धोका मानला जात नाही. तो दिसत नाही म्हणजे तो नाही, असेही म्हणता येत नाही, कारण रात्री उडणारा आणि घूत्कार न करणारा पक्षी दिवसाच्या पक्षिगणनेत फारसा सापडतच नाही.

शेतकऱ्याचा मित्र म्हणून घुबडाचे कौतुक होते ते योग्यच आहे, पण त्यात एक घोटाळा आहे. आपण समजतो की घुबड उंदरांची संख्या ठरवते; प्रत्यक्षात बहुतेक वेळा उंदीरच घुबडांची संख्या ठरवतात. घुशीची मादी तीन-साडेतीन आठवड्यांत पिल्ले देते आणि ती पिल्ले काही महिन्यांत स्वतः विऊ लागतात. घुबडाची जोडी वर्षातून एकदा, फार तर दोनदा पिल्ले वाढवते. उंदीर एकदा फोफावले की घुबड त्यांना गाठू शकत नाही. त्याचा खरा उपयोग उंदीर कमी असताना त्यांना कमी ठेवण्यात आहे, आणि त्यासाठी ते आधीपासून तिथे असावे लागते. शेतात इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे पक्षी थांबे लावण्याचा सल्ला कृषितज्ज्ञ देतात, त्याचा फायदा रात्री घुबडालाही होतो, पण राहायला पोकळी नसेल तर नुसत्या थांब्यावर त्याचा संसार उभा राहत नाही.

हीच गोष्ट मलेशियात उत्तम रीतीने दिसून आली. तिथे तेलताडाच्या बागा वाढल्या तसे उंदीरही प्रचंड वाढले, परंतु या ताडांना घुबडाला पुरेल अशी ढोली नसते. बागांमध्ये खांबांवर लाकडी पेट्या लावल्यावर १९७० नंतरच्या दशकांत घुबडांची संख्या झपाट्याने वाढली, आणि एक जोडी आपल्या पिल्लांसह वर्षाकाठी हजाराहून अधिक उंदीर खाते असे तिथल्या अभ्यासातून पुढे आले. अन्न होते, घर नव्हते. घर मिळताच पक्षी आला. इस्रायलमध्ये १९८३ मध्ये स्दे एलियाहू या शेतवसाहतीत असाच प्रयोग सुरू झाला. तेल अवीव विद्यापीठाचे योसी लेशेम त्यामागे होते. २००२ मध्ये शेजारचा जॉर्डन त्यात सामील झाला, जिथे घुबड अशुभ मानले जात असे आणि शेतकऱ्यांची समजूत घालणे हे पेट्या बनवण्याहून अवघड काम होते.

उलट बाजूचाही अनुभव आहे आणि तो सांगितला जात नाही. सेशेल्स बेटांवर १९४९ च्या सुमारास उंदीर संपवण्यासाठी आफ्रिकेतून गव्हाणी घुबडे आणली गेली. त्यांनी उंदीर सोडून तिथल्या शुभ्र सुरय पक्ष्यांवर ताव मारला, आणि पुढे सरकारला घुबड मारणाऱ्यांना बक्षीस द्यावे लागले. हवाईतही १९५८ पासून उसातल्या उंदरांसाठी ही घुबडे सोडण्यात आली आणि ती आज तिथल्या समुद्रपक्ष्यांना त्रासदायक ठरली आहेत. सोपी शिकार समोर असताना कोणताही शिकारी अवघड शिकारीमागे धावत नाही. जिथे तो मुळात राहतो तिथे त्याला जागा करून देणे आणि जिथे तो नव्हता तिथे उचलून नेऊन सोडणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

घुबड आणि विष एकत्र नांदू शकत नाहीत, हेही ओघाने येते. झिंक फॉस्फाईड उंदराला लवकर मारते आणि खाणाऱ्याच्या शरीरात फारसे साचत नाही. ब्रोमॅडिओलोन, ब्रोडिफॅकूम ही रक्त गोठू न देणारी विषे मात्र उंदराला मारायला कित्येक दिवस घेतात. त्या काळात विष अंगात भिनलेला, मंदावलेला उंदीर उघड्यावर फिरतो, म्हणजे घुबडाला आयताच सापडतो, आणि तेच विष घुबडाच्या यकृतात साठत जाते. ब्रिटनमध्ये मृत सापडलेल्या बहुतांश गव्हाणी घुबडांच्या यकृतात अशा विषाचे अंश मिळतात. मलेशियातल्या काही बागांत तर ही नवी विषे आल्यावर घुबडे ओसरली, म्हणजे उंदरांवरच्या एका उपायाने दुसऱ्या उपायाचा जीव घेतला.

आपल्याकडे विषाइतकीच भीतीही घातक आहे. घुबडाला दगड मारला तर ते तो उचलून नेते आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, अशी एक समजूत खेड्यापाड्यांत ऐकू येते. तिच्या भयाने तरी दगड मारणारे हात थांबत असतील, तर ती समजूत एकंदरीत घुबडाच्या पथ्यावर पडली म्हणायची. बंगालमध्ये हेच पांढरे घुबड लक्ष्मीचे वाहन म्हणून घरात स्वागताचे धनी असते. लक्ष्मीशी असलेल्या या नात्याची दुसरी बाजू मात्र भीषण आहे: दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडे पकडली आणि विकली जातात. वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ट्रॅफिक इंडिया या संस्थेच्या २०१० मधील अहवालानुसार देशातल्या घुबडांच्या सुमारे ३० जातींपैकी १५ जाती या व्यापारात आढळल्या होत्या. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घुबड पकडणे, विकणे किंवा बाळगणे गुन्हा आहे. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात इला फाउंडेशनने २०१८ मध्ये भारतीय उलूक महोत्सव भरवला आणि त्यात शाळकरी मुलांनी घुबडांची चित्रे, मुखवटे आणि कंदील केले. पुढच्याच वर्षी पुण्यात जागतिक घुबड परिषद झाली.

शहरात हा प्रश्न बहुतेक वेळा इमारतीच्या रंगकामाच्या वेळी समोर येतो. परांची बांधल्यावर कामगाराला डक्टमध्ये पिल्ले दिसतात आणि ‘हे काढा’ असा आग्रह सुरू होतो. पिल्ले उचलून दुसरीकडे नेली तर आईबाप त्यांना तिथे शोधायला येतीलच याची खात्री नसते, आणि पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लाला रानात शिकार शिकवणे फार कठीण जाते. अंडी असतील तर उबण्याचा महिना आणि उडण्याचे दोन, पिल्ले असतील तर त्यांच्या वयानुसार काही आठवडे, एवढाच काळ त्या एका कोपऱ्यातले काम थांबवावे लागते. पिल्लू खाली पडले असेल आणि जखमी नसेल तर दाट अंधार व्हायच्या आत त्याला जवळच्या उंच, सुरक्षित आडोशाला ठेवावे. जखमी असेल तर वनविभागाला कळवावे. जोडी पुढच्या वर्षी बहुधा त्याच फळीवर परत येते, तेव्हा तिथे जाळी बसवायचीच असेल तर शेवटचे पिल्लू उडून गेल्यावर आणि पुढचे पहिले अंडे पडण्यापूर्वी ती बसवावी, आणि शक्य असल्यास गच्चीच्या पाण्याच्या टाकीमागे एक लाकडी पेटी आधीच लावून ठेवावी.